जुळ्या भावाचा तोतया

तेहतीस वर्षे मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. या काळात परीक्षेच्या दालनात किती कॉप्या पकडल्या याची मी नोंद ठेवली नाही. पण दुसऱ्याच्या नावाने पेपर लिहायला बसलेला एक तोतया परीक्षार्थी मी पकडला होता, आणि त्याला असे काही सुनावले होते की त्याचे कान संध्याकाळपर्यंत लाल राहिले असतील. म्हणून पुढची हकीगत सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्वच्छ कबूल करणे मला आवश्यक वाटते. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी स्वतः तोतया परीक्षार्थी झालो आणि, जे त्याहून लाजिरवाणे आहे, नापास झालो.

आम्ही दोघे भाऊ जुळे. एकाच बीजापासून झालेले, म्हणजे तंतोतंत जुळे. तो माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो आणि तो ते मोठेपण आजतागायत वसूल करतो. आमचे गाव महाळुंग्याच्या अंगाला. तो तिथेच राहिला, जवळच्या एका कारखान्यात लागला आणि गेली सव्वीस वर्षे तिथली क्रेन चालवतो. छताखालच्या रुळांवरून सरकणारी, वर काचेची खोली असलेली क्रेन. मी शिक्षक झालो, सांगवीत स्थायिक झालो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्याची निवृत्ती साठाव्या वर्षी.

त्याच्या कारखान्यात एक पद्धत आहे. निवृत्तीच्या दिवशी माणसाला त्याच्या मशिनपाशी नेतात, मशिनला हार घालतात, कुंकू लावतात आणि त्याच्या हातून शेवटचे एक काम करवून घेतात. मगच त्याला हार घालतात. आधी मशिन, मग माणूस. दादाने इतरांचे असे अनेक समारंभ वरून, काचेतून पाहिलेले. स्वतःचा समारंभ कसा व्हावा, हे त्याने बारीकसारीक ठरवून ठेवले होते. त्याला क्रेनवरूनच उतरायचे होते.

आणि यंदा, निवृत्तीला अकरा महिने उरले असताना, एका रविवारी तो सांगवीला माझ्या दारात उभा राहिला.

"मास्तर, एक काम हाय. न्हाई म्हणायचं न्हाई."

"आधी काम सांग."

"बुधवारी कंपनीचं मेडिकल हाय. तू जा."

"कुणाचं मेडिकल?"

"माझं. पण तू जा."

मी चष्मा काढून पुसला. वर्गात एखाद्याने अगदीच अनपेक्षित उत्तर दिले की मी असेच करत असे.

त्याची अडचण खरी होती. क्रेन चालवणाऱ्यांची दर वर्षी तपासणी होते. मागल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की रक्तातील साखर काठावर आहे. साखर हाताबाहेर गेली, किंवा नजर कमी झाली, तर माणसाला क्रेनवरून उतरवतात. मग उरलेली नोकरी गेटवर, स्टुलावर.

"आपल्या बापाला साखर हुती," तो म्हणाला. "डोळं गेलं, साठी बी पाहिली न्हाई. चुलत्याचं तेच. आता माझी पाळी. रक्तातच हाय म्हणल्यावर कोण काय करणार? आन् तूच शिकवतोस न्हवं, आपलं दोघांचं बियाणं एक? मंग रक्त बी एक. तुझं दिलं काय, माझं दिलं काय."

या ठिकाणी मी उठून त्याला चहा देऊन परत पाठवायला हवे होते. पण समोर चुकीचे विधान आले की ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. मी त्याला समजावून सांगू लागलो.

"दादा, बियाणे एक असले तरी पीक एकच येते असे नाही. जनुके म्हणजे वर्गाचा पट. पटावर नाव असणे वेगळे आणि हाक मारल्यावर 'हजर' म्हणणे वेगळे. शरीरातल्या प्रत्येक पेशीत पट जवळपास तोच असतो. पण आपण काय खातो, किती झोपतो, किती चालतो, तंबाखू खातो का, काळजी करतो का, यांमुळे काही जनुकांवर अगदी बारीक रासायनिक खुणा बसतात, काहींवरच्या निघतात. नाव खोडले जात नाही. ते गप्प बसते किंवा बोलू लागते. म्हणूनच आपल्यासारख्या जुळ्यांची शरीरे जन्मतः सारखी असली तरी वय वाढेल तशी वेगळी होत जातात. बापाकडून आलेली साखर हे पटावरचे नाव आहे. हजेरी रोजच्या सवयी घेतात."

तो फार लक्ष देऊन ऐकत होता. शाळेत असताना त्याने असे लक्ष दिले असते तर दोघेही मास्तर झालो असतो.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "तुझ्या सवयी चांगल्या, म्हणून तुझी हजेरी चांगली?"

"तसे म्हणता येईल."

"आन् माझी शिफ्टची ड्युटी, तंबाखू, म्हणून माझी वाईट?"

"दुर्दैवाने."

"मंग तर लैच बेस! तूच जा."

माझ्या व्याख्यानाने माझाच बळी घेतला. मी खुशीत आलो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी दिनचर्या कागदावर आखलेली असून तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे. साडेपाचला उठणे, सहाला फिरणे, साडेनऊला झोपणे. बिडी-काडी नाही, तंबाखू नाही. असे निर्मळ रक्त भावाच्या उपयोगी पडत असेल तर हरकत काय, असा अत्यंत अशास्त्रीय आणि अनैतिक विचार माझ्या मनात आला आणि मी होकार दिला.

योजना पद्धतशीर आखली. जुळ्यांच्या बोटांचे ठसे मात्र सारखे नसतात. गर्भातच ते वेगळे होतात. त्यामुळे कारखान्याच्या गेटवरच्या अंगठ्याच्या यंत्राशी माझी गाठ पडता कामा नये. सुदैवाने तपासणीची गाडी गेटाबाहेर, पार्किंगमध्ये उभी राहते आणि तिथे फक्त ओळखपत्र पाहतात. दादाची दुसरी शिफ्ट होती. सकाळी तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर थांबणार आणि मी त्याचा निळा शर्ट घालून, उपाशीपोटी, रांगेत उभा राहणार.

पहिला पुरावा छातीवरच मिळाला. शर्टाची मधली तीन बटणे लागेनात. एकच माप असलेली दोन माणसे, आणि एकाच्या शर्टात दुसरा मावत नाही! कोणत्याही विद्यार्थ्याने यावरून अनुमान काढले असते. मी श्वास आत ओढून बटणे लावली आणि अनुमान बाहेर ठेवले.

रांगेत उभा राहतो तोच पाठीवर एक सणसणीत थाप बसली.

"काय भावा, सासुरवाडीला गेलता काय? अंग धरलंय की!"

दादाचा कुणी सहकारी असावा. मी गंभीरपणे म्हणालो, "छे छे, तसे काही विशेष नाही."

तो माणूस एक पाऊल मागे सरकला. "आरं, बोलतोस कसा? दात दुखतोय का?"

"व्हय," मी घाईने म्हणालो. गेल्या चाळीस वर्षांत मी हा शब्द उच्चारला नव्हता. तो तोंडातून असा बाहेर पडला, जणू दात खरोखरच दुखत होता.

गाडीत एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. तिशीतल्या, शांत, आणि अक्षर नीट काढणाऱ्या. हे मी लगेच पाहिले. ओळखपत्रावरच्या फोटोत चष्मा नाही, म्हणून मी चष्मा आधीच खिशात ठेवला होता. येथे माझ्या योजनेतील दुसरे छिद्र उघडे पडले. चष्म्याशिवाय मला जवळचे दिसत असले तरी समोरचा तक्ता हा तक्ता आहे एवढेच कळत होते.

"वरची ओळ वाचा, काका."

"क," मी म्हणालो. पहिले अक्षर क असावे असा मला अनुभवाने अंदाज होता.

"ग आहे. पुढे?"

"पुढे काहीतरी गोल आहे."

"त्याखालची ओळ?"

"त्याखाली ओळ आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवले. "काका, तुम्ही क्रेन चालवता ना?"

"हो. म्हणजे, व्हय."

"वरून खालचा माणूस दिसतो तुम्हाला?"

मी आयुष्यभर नेमके बोलत आलो आहे आणि खोटे बोलतानाही मला नेमकेपणा सोडता आला नाही. "अंदाज येतो," मी म्हणालो.

नंतर वजन झाले. मागल्या वर्षीच्या नोंदीपेक्षा अकरा किलो जास्त. त्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला. मग बोटाला सुई टोचून थेंब घेतला. छोट्या यंत्रावर आलेला आकडा पाहून त्यांनी विचारले, "खरंच काही खाऊन नाही आलात?" मी शपथेवर सांगितले की नाही, आणि त्या संपूर्ण सकाळचे माझे हे एकमेव खरे विधान होते. त्यांनी सुस्कारा टाकला.

"काका, साखर खूपच वाढली आहे. एका वर्षात एवढी! आणि डोळे तर... उद्यापासून नाही, आजपासून क्रेन बंद."

हातात कागद मिळाला. 'तात्पुरते अपात्र.' अक्षर खरोखर सुंदर होते.

मी रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावर गेलो. दादा बाकावर पाय हलवत बसला होता. त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिले आणि असा काही हसू लागला की चहावाल्याने स्टोव्ह बारीक करून आमच्याकडे पाहिले.

"मास्तर! तू नापास! जल्मभर लोकांची पोरं नापास केलीस आन् आता... आरं, डोळ्यात बी नापास, साखरेत बी नापास! एका पेपरात तरी पास व्हायचंस!"

मलाही हसू फुटले. वास्तविक परिस्थिती हसण्याची नव्हती. दोन म्हातारे, एकाच चेहऱ्याचे, एकाच्या शर्टाचे बटण त्या क्षणी उडून चहाच्या पातेल्याच्या कडेवर टण्णकन आपटलेले, आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून हसताहेत. मग हसता हसता दादा एकदम थांबला. कागदावर नाव त्याचे होते.

"म्हंजी आता म्या क्रेनवर चढायचं न्हाई?" तो म्हणाला.

घरी वहिनींपासून काही लपवणे अशक्य होते. दुसऱ्या शिफ्टचा माणूस दुपारी डबा घेऊन निघत नाही, यावरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि चौथ्या प्रश्नाला आम्ही दोघांनी सर्व कबूल केले. वहिनींनी आधी परातीतले पीठ पूर्ण मळले, त्यावर फडके झाकले, हात धुतले, आणि मग सुरुवात केली.

"जुळी जल्माला आली, म्हंजी अक्कल बी निम्मी निम्मी वाटली का काय देवानं? भावजी, तुम्ही तर मास्तर! ह्यांना कळत न्हाई, ते समजलं. तुम्हाला बी कळू नये?"

"वहिनी, मला वाटले माझी साखर चांगली असेल."

"तुमाला वाटलं! तपासली कधी?"

मी स्वतःची तपासणी कधीच केली नव्हती. ज्याची दिनचर्या दारावर चिकटवलेली आहे त्याने तपासणी कशाला करायची?

"आन् ह्यांची साखर," वहिनी पुढे म्हणाल्या, "ह्यांची साखर वाढलीय, हे कुणी सांगितलं?"

"मागल्या साली म्याडम म्हणली न्हवं, काठावर हाय," दादा पुटपुटला.

"मागल्या साली. आन् त्यानंतर म्या काय केलं, ते हाय का ठावं?"

मग वहिनींनी जे सांगितले ते ऐकून दादाचे तोंड उघडेच राहिले. त्यांनी त्या दिवसापासून त्याच्या चहातली साखर कमी करायला सुरुवात केली होती. एकदम नाही, एकदम केली असती तर त्याने कप आपटला असता. आधी पाव चमचा कमी. महिनाभर तसेच. मग आणखी पाव. आता वर्षभराने तो बिनसाखरेचा चहा पीत होता आणि त्याला पत्ता नव्हता. डब्यातला भात निम्मा करून त्या जागी ज्वारीची भाकरी आणि मूठभर उसळ. आणि कंपनीची बस पूर्वी गल्लीच्या तोंडाशी येत असे. हमरस्त्याचे काम निघाल्यापासून ती तिकडे थांबते, म्हणून दादा दीड-दोन किलोमीटर जाताना आणि येताना चालतो.

"ती बस पुन्हा आत यायला लागली हुती दिवाळीनंतर," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना म्या सांगितलंच न्हाई. डायवरला बी सांगून ठेवलं, ह्यांना हमरस्त्यालाच सोडत जा."

"आगं! म्या सहा म्हयनं उगाच चालतोय?"

"उगाच न्हाई. चालताय म्हणून चालताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आम्हा दोघांना चाकणच्या एका प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथल्या मुलीने दोन बाटल्यांवर दोन चिठ्ठ्या लावल्या, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. संध्याकाळी अहवाल आले. दादाची साखर व्यवस्थित. तीन महिन्यांची सरासरीही व्यवस्थित. माझी दोन्ही वाढलेली. म्हणजे पार्किंगमधल्या गाडीतले यंत्र मुळीच चुकले नव्हते. चुकीची होती ती फक्त सुई टोचलेली करंगळी.

मी ते दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्या दिनचर्येची प्रथमच प्रामाणिक उजळणी केली. सहाला फिरायला जाणे म्हणजे अर्धा तास बागेत चालणे, आणि नंतर दीड तास निवृत्त मित्रमंडळींबरोबर बाकावर बसणे. त्यात दोन गोड चहा आणि रविवारी जिलेबी. नंतर दुपारपर्यंत वर्तमानपत्र. दुपारी शिकवणी, बसून. पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेलेली, त्यामुळे रात्रीच्या ताटावर देखरेख नाही. निकालांच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या घरून आलेले पेढे मी कर्तव्यबुद्धीने संपवत असे. शाळेत असताना मी दिवसभर फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. त्या येरझाऱ्या एका दिवसात बंद झाल्या आणि मी त्या बंद झाल्याचे दारावरच्या कागदात कुठेही लिहिले नव्हते. झोपेच्या वेळा मी सांभाळल्या, तंबाखूपासून दूर राहिलो, हे चांगलेच होते. पण शरीर एकाच विषयाचे गुण पाहून प्रगतिपत्रक देत नाही.

आणि दादाच्या सवयी? क्रेनच्या शिडीने रोज कितीतरी वेळा वर-खाली. डोळे दिवसभर दूरवर. त्याची झोप शिफ्टमुळे विस्कटलेली, तोंडात तंबाखू. त्यांचा हिशेबही प्रयोगशाळेने सोडला नव्हता. तिथेच मोजलेला त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला.

"आता?" दादाने विचारले.

"आता मॅडमकडं जायचं आन् खरं सांगायचं," वहिनी म्हणाल्या.

हे सोपे नव्हते. खरे सांगितले तर क्रेन परत मिळण्याची आशा होती. पण फसवणुकीबद्दल अकरा महिने आधीच घरी बसवण्याची भीतीही होती. गप्प बसले तर स्टूल नक्की. दादा ओसरीवर बराच वेळ तंबाखूची डबी हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "चल मास्तर. खोट्यानं वर चढण्यापरीस खऱ्यानं खाली बसलेलं बरं."

कारखान्याच्या आवारातल्या दवाखान्यात, डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो, एक चष्म्याचा, एक बिनचष्म्याचा. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले आणि मग त्यांना जे हसू आले ते त्यांनी अतिशय प्रयत्नाने वहीखाली दाबले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला दोन दिवस वाटत होतं, 'अंदाज येतो' असं म्हणणाऱ्या माणसाने सव्वीस वर्षे क्रेन कशी चालवली?"

मी माफी मागितली. त्या हसायच्या थांबल्या आणि मला कारखान्याच्या दाराशी घेऊन गेल्या. आत दुसरा एक चालक क्रेन चालवत होता. पोलादी पत्र्याची भलीमोठी गुंडाळी, कित्येक टनांची, साखळ्यांवर झुलत पुढे सरकत होती आणि तिच्यापासून काही अंतरावर माणसे मान खाली घालून काम करत होती. वर पाहत कुणीच नव्हते. वर कुणीतरी पाहतो आहे, या भरवशावर.

"तुमच्या भावाची नजर खरोखरच तुमच्यासारखी असती," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याऐवजी एखादा चांगल्या डोळ्यांचा माणूस तपासणीला बसला असता, तर?"

परीक्षेच्या दालनात त्या तोतयाला मी जे सुनावले होते त्याहून हे फार थोडे होते आणि फार जास्त लागले.

त्यांनी वहीत खरे तेच लिहिले: चुकीच्या व्यक्तीची तपासणी झाली, म्हणून रद्द. दादाला कारखान्याकडून ताकीदपत्र मिळाले, नोकरी राहिली. त्याची तपासणी पुन्हा झाली. डोळे उत्तम, साखर उत्तम, रक्तदाब वाढलेला.

"पंधरा दिवस रजा," त्या म्हणाल्या. "तंबाखू पूर्ण बंद, लोणचं-पापड बंद, झोप वेळेवर. खाली आला तर क्रेन. नाही आला तर औषध सुरू करू आणि क्रेनचं तेव्हा पाहू. आणि वडिलांना होतं म्हणून मलाही होणारच, असं म्हणू नका. वडिलांनी दिलेला पाहुणा घरात राहणारच आहे. पण त्याला रोज पंचपक्वान्न वाढायचं की नाही, हे तुमच्या हातात."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा तर पाहुणा जेवून उठलाच आहे. तुम्ही आजच आपल्या डॉक्टरकडे जा."

मी गेलो. गोळी सुरू झाली आणि ताटाची फेररचना झाली. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघे एकमेकांवर असे लक्ष ठेवून होतो, जणू दोघेही परीक्षक आणि दोघेही संशयित. करार असा होता की त्याने तंबाखू सोडायची आणि मी गोड. ज्याने मोडले त्याने दुसऱ्याला फोन करून सांगायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"जीभ दाखव."

"दादा, मी बागेत आहे. माणसे आहेत."

"जिलेबीच्या दुकानाम्होरं हायस, दिसतंय मला मागं. जीभ दाखव!"

मी बाकावरच्या मित्रमंडळींसमोर जीभ काढून दाखवली. मग त्याने त्याची दाखवली. त्याच्या गालात लवंग आणि बडीशेप होती. ती तंबाखू नाही याची खात्री करण्यासाठी मी त्याला ती चावून दाखवायला लावली. मित्रांपैकी एकाने विचारले, "कोण हो हे? आरशाशी बोलताय का?"

चौथ्या-पाचव्या दिवशी तो चिडचिडा झाला. वहिनींशी भांडला, टीव्हीशी भांडला, आणि अखेर संध्याकाळी डबी घेऊन अंगणात जाऊन बसला. वहिनींनी मला फोन केला. मी सांगवीहून निघालो, आणि पोहोचेपर्यंत तो डबी हातात घेऊन तसाच बसलेला होता. उघडली नव्हती.

"वास बी घेतला न्हाई," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मास्तर, सव्वीस सालं शिडी चढलो, पण हे लै अवघड हाय राव."

आम्ही दोघे हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. परतही चालत आलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला मला धाप लागली आणि त्याला हसू आले. तिथून पुढे तो सुधारला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी महाळुंग्याला जाऊ लागलो. निमित्त त्याची डबी, कारण माझी साखर. माझा चष्मा आणि त्याचा मोकळा चेहरा सोडला तर वाटेत भेटणाऱ्यांना फरक कळत नसे, आणि तो प्रत्येकाला आवर्जून सांगत असे, "हा माझा धाकटा. डोळ्यात नापास झालाय."

पंधराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. वहिनी बाहेर बाकावर देवाचे नाव घेत होत्या. मी दारात उभा होतो. पारा उतरत असताना खोलीत कुणीही श्वास घेतला नसावा. दादाने तर नाहीच, म्हणून बाईंनी त्याला "काका, श्वास घ्या, नाहीतर आकडा चुकेल" असे सांगून पुन्हा मोजले. मग आणखी एकदा, दुसऱ्या दंडावर. मग त्यांनी त्याच सुंदर अक्षरात एक शब्द लिहिला आणि कागद फिरवून आमच्यासमोर ठेवला.

'पात्र.'

दादा कागद घेऊन बाहेर गेला आणि वहिनींपुढे धरून म्हणाला, "वाच." त्यांनी वाचला आणि पदराने तोंड झाकले. "आता बस आत येती का न्हाई, ते इचारायचं न्हाई," त्या पदराआडून म्हणाल्या.

व्यवस्थापकांची परवानगी घेऊन मला पाहुण्यांचे पिवळे शिरस्त्राण देण्यात आले आणि जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहण्याची सूचना झाली. दादा शिडी चढू लागला. एकदाही न थांबता. वर पोहोचून तो काचेआड बसला, आणि त्याचा चेहरा, जो माझाच चेहरा आहे, एवढा लहान दिसू लागला की मला तो आहे की नाही याचा अंदाजच करावा लागत होता. क्रेन हलली. क्रेनचा लोखंडी आकडा खाली आला, गुंडाळीला लागला, साखळ्या ताठ झाल्या आणि ते सगळे पोलाद जमिनीवरून असे उचलले गेले, जणू झोपलेले मूल कुणी पाळण्यातून घेतो आहे. खाली माणसे आपापल्या कामात होती. कुणीही वर पाहिले नाही.

मी मात्र मान वर करून, तोंड उघडे ठेवून, आनंदाच्या भरात पुढे पुढे सरकत होतो.

एकाएकी वरून कर्णकर्कश भोंगा वाजला. क्रेन जागच्या जागी थांबली. काचेच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तळहाताने मला मागे सारल्यासारखे केले, दोनदा. सगळा विभाग माझ्याकडे पाहू लागला. मी खाली पाहिले. माझ्या उजव्या बुटाचे टोक पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जेमतेम दोन बोटे गेले होते.

"काका, मागं व्हा," शेजारचा कामगार हसत म्हणाला. "वरून त्यांना मुंगी बी दिसती."

मी मागे झालो. आणि गुंडाळी पुन्हा चालू लागली.